मिरचीच्या गाडीला ट्रकचे पाटे

“पोर दे! दे वं बहीन, पोर माले दे!”

गाडी माझ्या बाजूनं कलत चाललेली, नाल्यातले दगड खिडकीतून वर येताना दिसतात, मागं मिरचीची पोती एकमेकांवरून सरकतात, आमचे हे स्टेअरिंगला लोंबकळलेले, आणि तो मेला बाहेर उभा राहून आपले काळे तेलकट हात खिडकीतून आत घालतो. पोरगी माझ्या छातीशी, नुकती कुठं बसायला शिकलेली. गाडी ज्या अंगाला पडते आहे त्याच अंगाला हा उभा, आणि तिथं पोर मागतो! गाडी आली असती तर दोघांच्याही अंगावर आली असती. आणि मागतो कोण, तर ज्याच्यामुळं गाडी पडते आहे तोच!

थांबा. आधी तो कोण ते सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

विसरवाडीच्या फाट्यावर, नंदुरबारची वाट फुटते तिथं, त्याचं पत्र्याचं छप्पर होतं. पुढं मोडक्या ट्रकांचे पाटे ढीग लावून ठेवलेले. पाटे म्हणजे चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची कमान असते ना, धक्का झेलायला, त्या पट्ट्या. असा माणूस तुम्ही पाहिला असेलच, प्रत्येक फाट्यावर एक असतो. गाडी आली की आधी चाकाला लाथ. गाडीवाल्यानं तोंड उघडायच्या आत लाथ. मग मान कलती करून म्हणणार, “बठेल शे. उठाडनी पडी.” म्हणजे गाडी बसली आहे, उचलावी लागेल. एसटी आली तरी हेच, बैलगाडी आली तरी हेच. एकदा एका मास्तरांच्या सायकलीला लाथ मारून म्हणाला, बठेल शे. मास्तर सायकलीवरच होते, ते खाली बसले.

अंगात खाकी कोट, भर उन्हाळ्यातसुद्धा. म्हणे मी लष्करात होतो. कुठं होता विचारलं तर म्हणे सगळीकडं. आमचे हे सांगत, तिथं तो भांडी घासायला होता. मला तेही खरं वाटत नाही, कारण चहाची स्वतःची कपबशी त्यानं कधी विसळलेली मी पाहिली नाही. तोंडावर मी त्याला दादाच म्हणे. मनात काय म्हणे ते लिहिण्यासारखं नाही.

आमची गाडी लष्कराच्या लिलावातली. पुढं दोघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा. पिकअप म्हणत तिला. यांनी ती घेतली तेव्हा घरात आनंद झाला, आणि मला धडकी भरली, कारण मला सगळ्याचीच धडकी भरते. त्या गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी गोळा होता. बैलगाड्यांच्या चाकोरीतून गेलं की तो मधल्या उंचवट्याला घासायचा. खर्रर्र! प्रत्येक वेळी मला वाटे, आता फुटला. म्हणून गाडी जरा उंच करून घ्यायची ठरली.

सुरतेहून नवी कमान आणि नवे शॉकप आणले असते तर काम चोख झालं असतं, पण ते आम्हाला झेपणारं नव्हतं. शॉकप म्हणजे धक्का बसल्यावर गाडी उगाच उसळत राहू नये म्हणून चाकाजवळ दोन नळ्या लावतात, त्या. आमच्या गाडीचे कधीच मेलेले. एका ड्रायव्हरनं यांना सांगितलं, धुळ्याला जुने पण बरे मिळतात, ते घाला आणि एखादा पाटा वाढवा, बस झालं. यांना पटलंही होतं. पण फाट्यावरून गेल्याशिवाय यांचा पाय घरी वळत नसे.

“शॉकप कसाले पाहिजे?” हा म्हणाला. “लाड शेत ते. साहेबनी मोटारले ऱ्हातस शॉकप. तुले साहेब फिराडना शे का मिरची?”

मग त्यानं आपला स्वस्तातला उपाय काढला. मोठ्या ट्रकचे जाड पाटे, त्यांच्याखाली सागाचे गुटके, म्हणजे लाकडी ठोकळे, आणि शॉकपच्या जागी जुन्या टायरच्या पट्ट्या. टायरच्या पट्ट्या! आमच्याकडं त्यांच्या चपला करतात.

“गाडी कशी, नवरदेवना मायक वर बठेल पाहिजे,” असं म्हणून त्यानं नवरदेवासारखं हवेतल्या घोड्यावर बसून दाखवलं.

मी पोरगी कडेवर घेऊन तिथंच उभी होते. म्हटलं, “दादा, लई उच्ची नही ना व्हवाव? पोरले लिसन चढनं पडस.” पोरगीला घेऊन चढायचं मला होतं ना.

“बहीन, तू भाकरी कर. गाडी मी देखस.”

सगळे हसले. हेसुद्धा हसले, ते माझ्या लक्षात आहे.

गाडी झाली. इतकी उंच झाली की मला चढायला दगड ठेवावा लागे. मग त्यानं परीक्षा घेतली. हौदा नदीच्या वाळूनं भरला, वर फाट्यावरचे सगळे रिकामटेकडे चढवले आणि स्वतः खाली उभा राहिला. गाडी अशी मऊ बसली, जशी म्हैस पाण्यात बसते. “देखा, कशी बठनी! लोखंड शे, लोखंड!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा आमच्या नावावर प्याले.

पण मला सांगा, आम्ही काय वाळू वाहत होतो? आम्ही नंदुरबारच्या बाजारात मिरची नेत होतो. सुकी मिरची. पोतं हे एवढं फुगलेलं दिसतं आणि उचललं तर हलकं. घराएवढं रचलं तरी ट्रकच्या त्या जाड पाट्यांना त्याचा भारच कळत नाही. गाडी जशीच्या तशी वर, आणि तिच्यावर मिरचीचा डोंगर आणखी वर. हे लष्करातल्या माणसाला सुचलं नाही. फाट्यावर कोणालाच सुचलं नाही, सगळे चहा पीत होते.

गाडी पडली त्या दिवशी मी माहेरी निघाले होते, पोरगीला पहिल्यांदा आईला दाखवायला. हाही निघाला. “मन्हं काम देखाले,” म्हणे. माझ्या बाजूच्या पायरीवर उभा, एका हातानं खिडकी धरलेली, आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगतो, “कशी शे गाडी? मी उठाडी!” मधेच वाकून पोरगीला डोळे मिचकावतो. ती हसते. मला तिचाही राग आला.

“दादा, गाडी डोली ऱ्हायनी.”

“डोलीच ना! नवरदेव घोडावर डोलस का नही?”

मग नाला आला. उताराला एक चाक दगडावर चढलं, गाडी कलली. शॉकप असते तर कलून सावरली असती. ही कलली, उलटी उसळली, पुन्हा कलली, पहिल्यापेक्षा जास्त. पोती सरकली. तो पायरीवरून उडी मारून खाली उतरला. मला वाटलं, पळाला. आणि तेवढ्यात ते हात आत आले.

मी पोरगी दिली नाही. त्यानं ओढून घेतली. मी तिचं झबलं धरून होते, त्याचं एक टोक फाटून माझ्या मुठीत राहिलं.

गाडी पडली. तिच्या खाली आधी पोती पडली म्हणून आम्ही वाचलो, गादीवर पडावं तसं. पण पोती फुटली. नाल्यात लाल धूर झाला. यांनी मला वरच्या दारातून ओढून काढलं. डोळे उघडत नाहीत, श्वास घेता येत नाही, मी ओरडते, “मन्ही पोर! मन्ही पोर कथी शे?” आणि प्रत्येक शब्दाला शिंक. हे शिंकतात. वाटेवरून धावत आलेले लोक शिंकतात. कोण रडतं आणि कोण खोकतं काही कळेना.

तो वर वाटेवर बसलेला. पोरगीला त्यानं आपल्या त्या घाणेरड्या कोटाच्या आत कोंबलं होतं, डोक्यासकट. मला वाटलं, गुदमरवून मारली. मी हिसकावून घेतली. ती माझ्याकडं टुकूटुकू बघायला लागली. तेवढ्या माणसांत तिच्या एकटीच्याच डोळ्यांत मिरची गेली नव्हती. त्याचे डोळे तर भज्यासारखे सुजून मिटले होते.

आणि तशा मिटलेल्या डोळ्यांनी तो पहिलं वाक्य काय बोलला? “नालानी चुकी शे.”

त्या क्षणी थोडी माया वाटली होती, ती तिथंच आटली. पुढं तर विचारूच नका. फाट्यावर कोणी थांबलं की याची गोष्ट सुरू. गाडी कशी पडत होती, याचे हात कसे आत गेले, पोर कशी बाहेर आली. “मी वाचाडी. मन्ही भाची शे आते ती.” गाडी का पडली, हे त्या गोष्टीत कधी येतच नसे. नाल्याची चूक झाली, मग मिरचीची चूक झाली, एकदा तर म्हणे पोर रडली म्हणून यांचं लक्ष उडालं. आणि आमचे हे! दिवाळीला त्याला जेवायला बोलावलं. मी पाट मांडला, त्याला ओवाळलं. काय करणार, पोरगीचा मामा झाला होता ना तो. आधी पोर नाल्यात घालायची, मग बाहेर काढायची आणि जन्मभर मामा म्हणून जेवायला यायचं. एवढं तरी अक्कलेचं काम त्यानं केलं म्हणायचं.

गाडी मात्र मेली. म्हणजे चालत होती, पण तिच्यात कोणी माल घालीना. “काय भाऊ, नवरदेव पडना का घोडावरथून?” असं लोक यांना भर फाट्यावर विचारत. व्यापारी दुसरी गाडी बघायचे. माणसं पायी जायची पण आमच्या गाडीत बसायची नाहीत. हे घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडत. बाजारात जायला मला लाज वाटे.

आता तो विसरवाडीला नाही. गुजरातकडं गेला म्हणतात, कोणी म्हणतं आजारी पडून कुठंतरी पडला आहे. छप्पर मोडलं, त्याचे पत्रे कोणी नेले. चौकशी करावी एवढा तो माझा कोणी नव्हता. पण एक दिवस डोळ्यांसमोरून जात नाही.

बाजाराचा दिवस होता. फाटा माणसांनी भरलेला. आमच्या गाडीचे सागाचे गुटके काढलेले, जाड पाटे काढलेले. त्यांच्या जागी पातळ पाटे होते, आणि धुळ्याहून जुने शॉकप तो स्वतः एसटीनं मांडीवर घेऊन आला होता. एक शब्द बोलला नाही. कोणाचे पैसे, कधी गेला, काही नाही. आधीचं चुकलं असंही म्हणाला नाही, तेवढं मोठं मन देवानं त्याला दिलंच नव्हतं. हौद्यात या वेळी मिरची भरली, पहिल्यासारखीच उंच. आणि जॅक काढून घेऊन तो गाडीखाली उताणा सरकला, छाती बरोबर त्या लोखंडी गोळ्याखाली. बाहेर फक्त तेलकट पाय दिसत होते.

“बहीन!” खालून आवाज आला. “पोरले लिसन बठ वर. पाटा कसा दबस ते देखस मी.”

मी हलले नाही.

“बठ ना वं! तुटनं ते पहिले मन्हाच छातीवर ई.”

म्हणजे पाटा तुटला तर गाडी आधी त्याच्याच छातीवर येणार. हे माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, “जाय ना. तू बठनी ते लोक बठतीन.” मी बसले तर लोकही बसतील, असं यांचं म्हणणं, आणि यांचा चेहरा मला बघवत नव्हता. पोरगीनं खालून मामाचा आवाज ऐकला आणि ती वाकून हसायला लागली. मी एक पाय पायरीवर ठेवला. गाडी जराशी दबली, खाली लोखंड करकरलं, आणि ते दोन पाय क्षणभर ताठ झाले.

बाजूला व्हावं तर यांची गाडी गेली. चढावं तर पोरगी हातात, आणि खाली तो. तुम्ही आया असाल, बहिणी असाल, मला सांगा. दुसरा पाय तुम्ही उचलला असता का?