चालत पाठ केलेली रचना

जिला इंग्रजीतील सर्व रचना तोंडपाठ होत्या, तिच्या हातून परीक्षेत प्रत्येक उत्तराचे केवळ पहिलेच वाक्य का लिहिले गेले? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. ती मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण. ताईला सगळ्यांनी मठ्ठ ठरवले, आणि पुढे तिनेही ते मान्य केले. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. पण हा प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने घातला नाही. तो घरातूनच आला.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात इतवारीच्या पलीकडे विणकरांच्या गल्लीत आमचे घर होते. ताई मॅट्रिक झाली होती. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला सांगितले होते, की इंग्रजीची मध्यम पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालीस, तर खालच्या वर्गांना शिकवायला तुला घेऊ. त्याच सुमारास उमरेडचे स्थळ सांगून आले. घर हातमागांचे, माणसे बरी. बाबांनी दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि निकाल दिला, "पास झाली तं शाळा. नाही झाली तं उमरेड. एक बार बसाचं, पुन्हा नाही."

परीक्षेचे तीन भाग होते: वाचन, व्याकरण आणि लेखन. पहिल्या दोहोंची ताईला चिंता नव्हती. लेखनात एक पत्र, एक वर्णन आणि मुद्द्यांवरून एक गोष्ट लिहावी लागे. ताई संध्याकाळी ज्या इंग्रजीच्या वर्गाला जाई, तिथले सर पुन्हा पुन्हा बजावत, की रचना पाठ करू नका. रोज बसून एक पान लिहा आणि मला दाखवा. सल्ला अगदी योग्य होता. त्यात एकच शब्द आमच्या घराला परवडणारा नव्हता, तो म्हणजे 'बसून'.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्यापूर्वी त्याला खळ द्यावी लागते. सकाळी गल्लीच्या लांबीभर बांबूच्या टेकूंवर ताणा पसरत. त्यावर खळ लावली, की दोघींनी दोन बाजूंना उभे राहून, सारख्या पावलाने, कुंचा ओढत जायचे आणि परत यायचे. खळ वाळेपर्यंत थांबायचे नाही. थांबले की धागे एकमेकांना चिकटतात. ताईच्या समोरच्या बाजूला मी असे. दिवसभर मग आडव्या धाग्याच्या कांड्या भरायच्या, स्वयंपाक करायचा. ताईने एकदा लिहायला वेळ मागितला, तेव्हा बाबा म्हणाले, "बसाले वेळ कुठं हाय वं? खळ काय तुह्या परीक्षेसाठी थांबते?"

म्हणून ताईने स्वतःची पद्धत काढली. सरांनी वर्गात नमुना म्हणून फळ्यावर लिहून दिलेली रचना ती सकाळी एकदा वाचून घेई आणि कुंचा हाती घेऊन मोठ्याने म्हणू लागे. पहिले वाक्य जागेवर उभ्यानेच. दुसरे पहिल्या टेकूपाशी. तिसरे दुसऱ्या टेकूपाशी. टोकाच्या कडुनिंबापाशी परिच्छेद संपे. परतीच्या वाटेवर दुसरा परिच्छेद. 'अवर टाउन इज नोन फॉर इट्स ऑरेंजेस' हे वाक्य शेजाऱ्यांच्या दारासमोर येई. मैत्रिणीला नागपूर पाहायला बोलावणारे पत्र गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत येई.

शेजारचे काका दात घासत ओट्यावर बसलेले असत. ते बाबांना हाक मारून म्हणत, "काहून गा, तुही पोरगी सुताले इंग्रजी शिकवून राहिली का?"

"शिकू दे ना," बाबा म्हणत. "सूत इंग्रजी बोललं तं शेठ भाव जास्त देईन."

ताई हसे, पण पाऊल चुकू देत नसे. तिचे पाठांतर मी समोरून तपासत असे. एक शब्दही इकडचा तिकडे होत नव्हता. परीक्षेच्या आदल्या सकाळी ती मला म्हणाली, "आता मले कोणीच अडवू शकत नाही, पाहाय."

परीक्षेहून ती परतली, तेव्हा तिने चपलाही काढल्या नाहीत. मी पाणी दिले.

"विषय वेगळे आले का?"

"नाही वं. तेच आले. पत्र तर शब्दाले शब्द तेच." पाणी पिऊन ती म्हणाली, "पहिलं वाक्य लिवलं. दुसरं कुठं ठेवलं होतं, तेच सापडेना. समोर टेकू नाही, लिंब नाही. बाकाखाली पाय हलवून पाहिले. परीक्षेवाली बाई म्हणे, पाय हलवू नका, आवाज होते."

तिन्ही प्रश्नांत हेच घडले होते. पहिले वाक्य निर्दोष. त्याखाली मोकळा कागद.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. वाचन उत्तम, व्याकरण उत्तम, लेखनात अनुत्तीर्ण. ताईने बाबांना विनवले, "अजून एक बार बसू द्या ना." बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. ते निर्दयी नव्हते. पण एवढेच बोलले, "मी उमरेडवाल्याईले शब्द देल्ला हाय." नातेवाईक म्हणाले, पोरीचं डोकंच तेवढं. पुढे ताईही तसेच म्हणू लागली.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात मी उमरेडला गेले. तिथेही अंगणात ताणा पसरलेला होता. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला तिची सासू. ताईचे ओठ हलत होते. मी जवळून चालू लागले, तेव्हा ऐकू आले: मैत्रिणीला बोलावणारे पत्र. पहिल्या वाक्यापासून खालच्या 'युवर लव्हिंग फ्रेंड'पर्यंत, एकही चूक नाही.

सासूने विचारले, "काय पुटपुटून राहिली वं, सूनबाई?"

"काही नाही जी. जप हाय."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी अंगणाच्या कडेला जाऊन तोंड धुतले.

पुढे मी शिक्षिका झाले. पाठांतर करणारी मुले पाहता पाहता मला उत्तर मिळाले, असे वाटते. ताईची स्मरणशक्ती उणी नव्हती. तिने प्रत्येक वाक्य चालण्याला बांधून ठेवले होते. परीक्षेने तिला बसवले आणि चालणे काढून घेतले. पहिले वाक्य तेवढे हाती राहिले, कारण ते ती रोज जागेवर उभी राहून म्हणत असे. मला हे समजले, तेव्हा मी उमरेडला जाऊन तिला सविस्तर सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू माही बहीण हायेस, म्हणून म्हणतेस," ती म्हणाली. तिला ते पटले नाही. आता ती नाही, आणि पटवण्याची संधीही नाही.

माझे उत्तर चुकीचे असू शकते. मी बहीण आहे, हे तिचे म्हणणे खरेच आहे. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे: एखादा अनोळखी उतारा काही दिवस केवळ चालताना, ठरलेल्या खुणांपाशी म्हणून पाठ करा, मग अनोळखी खोलीत, पाय न हलवता, तो कागदावर उतरवून पाहा. काय होते ते स्वतःच तपासा.