सारजाबाईचं वरच्या झाकणाचं मशीन

सारजाबाईची कंबर गेली तेव्हा अख्ख्या चाळीनं एकच सांगितलं, आता धुणं सोड. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही. सारजाबाईनं डॉक्टरांचं ऐकलं, चाळीचं ऐकलं नाही.

धुणं सोडायचं म्हणजे सोलापूर सोडून सांगोल्याला धाकट्या भावाच्या दारात जाऊन बसायचं. भीमा वाईट नव्हता. पण भावजयीनं ताट वाढलं की आधी तिचं तोंड बघायचं आणि मग घास उचलायचा, हे सारजाबाईला जमणारं नव्हतं. नवरा गेल्यापासून गिरणीमागच्या त्या एका खोलीत ती स्वतःच्या हिमतीवर राहिली होती. वकिलांच्या घरची नऊवारी लुगडी, मास्तरांची धोतरं, आणि सगळ्या घरांतल्या चादरी. सोलापुरी चादर अंगावर घेणाऱ्याला ऊब देते. भिजल्यावर तिचं वजन किती होतं, ते धुणारीला विचारावं.

भीमा तिला न्यायला आला, त्याच सकाळी तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि नव्या पेठेत वेणीमाधव शेठच्या दुकानाची वाट धरली. भीमा मागून चालला होता.

"आक्का, धुणंवाली बाई कधी मशीन घेती व्हय? लोक हसत्याल."

"हसू दे. हसाया कुठं वाकावं लागतंय त्यास्नी."

दुकानात दोन मशीनं होती. एक परदेशी बनावटीचं, रेल्वेतले कुणी साहेब बदली झाल्यावर ते विकून गेले होते. त्याला पुढच्या अंगाला गोल काचेचं दार. दुसरं मुंबईकडचं, दिसायला पत्र्याचं पिंपच. वर झाकण आणि आत मधोमध फिरणारा दांडा.

वेणीमाधव शेठ खोटं बोलणारा माणूस नव्हता. "हे काचेचं घ्या," तो म्हणाला. "आत कपडा नुसता उलटापालटा होतो, झिजत नाही. पाणी कमी लागतं. आणि पिळून असं देतं, की दोरीवर टाकायचं तेवढं बाकी. त्या पिंपात पिळायचं काम तुमच्याच गळ्यात."

सारजाबाई काचेच्या दारापुढं गेली. कपडा घालून बघावा म्हणून खाली झुकली आणि कमरेत कळ उठली. ती दाराला हात देऊन सरळ झाली.

"ह्याच्यापुढं वाकाया लागतंय की."

"स्टूल घ्या. बसून घाला."

"आन वली चादर बसून कशी वडू? बरं, पानी कुठनं घेतंय ह्ये?"

"नळाला नळी लावायची."

"आमच्या नळाला घटकाभर पानी, तवा सगळी चाळ भांडत असती. बाकी दिवस हौदातलं. बादलीनं वतता येतं?"

"नाही. नळच पाहिजे."

"मधीच थांबवून उघडलं तर?"

"उघडायचं नाही. सगळं पाणी फरशीवर येईल."

सारजाबाई पिंपाकडं वळली. झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. उभ्या उभ्या. "मी आदी पांढरं धुते, त्याच फेसात रंगीत काढते, मागनं चादरी. ह्यात व्हतं?"

"होतं. खालची नळी सोडेपर्यंत पाणी आतच."

"मग ह्येच."

भीमाचा जीव काचेत अडकला होता. "त्ये लई भारी दिसतंय, आक्का. घ्यायचंच तर त्ये घे."

"मला धुणं धुवायचंय, भीमा. बघत बसायचं न्हाय."

पहिल्या धुण्याला चाळ गोळा झाली. वकिलांच्या दुर्गाबाई स्वतः आल्या, कारण त्यांचं इरकली लुगडं त्या धुण्यात होतं. पांढरे कपडे चांगले निघाले. मग लुगडं आलं, आणि तिथं सारजाबाईची सवय नडली. दगडावर नऊवार लुगडं सगळं एकदम धूत नाहीत. पदरापासून हातहात पुढं सारत धुतात. तिनं तसंच केलं. दांडा फिरत होता आणि ती वरून पदर सोडत राहिली. दांड्यानं पदर धरला आणि गिरणीत बीमाच्या रुळावर सूत चढावं तसं लुगडं गुंडाळत नेलं. मशीन गुरगुरलं, अडकलं, जळका वास आला. सारजाबाईनं बटण बंद केलं.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

"झालं समाधान?" भीमा म्हणाला. "इकून टाक आन चल गावाकडं."

तिनं झाकण काढून बाजूला ठेवलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि दांडा उलटा फिरवायला लागली. एक वेढा सुटला की तेवढं लुगडं खांद्यावर घ्यायचं, मग पुढचा वेढा. पाठ ताठच. हसणारे कंटाळून पांगले.

दुर्गाबाईंनी लुगडं उजेडाला धरून काठ तपासला. "फाटलं नाही. पण माझं धुणं परत ह्यात नको. दगडावर धुणार असाल तर सांगा, नाही तर मी दुसरी बाई बघते."

वकिलांचं घर सगळ्यांत मोठं होतं. भीमानं बहिणीकडं बघितलं.

"दगडावर न्हाय धुनार, वैनी. दुसरी बघा."

दुर्गाबाईंना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे, खरंच?"

"व्हय. आजचं घेतलंय, त्येवढं धुवून देते."

तिनं लुगड्याची आखूड घडी घातली आणि ती दोन्ही टोकांना चिंधीनं सैल बांधली. ह्या खेपेला दांडा थांबलेला असताना घडी पाण्यात सोडली आणि मगच बटण दाबलं. घडी दांड्याभोवती घुसळत राहिली, गुंडाळली नाही. दुर्गाबाई लुगडं निघेपर्यंत उभ्या होत्या. जाताना "पुढच्या धुण्याचं बघते" एवढंच म्हणाल्या. सारजाबाईनं ते ऐकलं आणि चादरी त्याच फेसात टाकल्या.

"वकिलांचं घर गेलं तर काय खाशील?" भीमानं विचारलं.

"दुसरं घर बघीन. सोलापुरात चादरी कमी हायत व्हय?"

"मग मी एकलाच जाऊ?"

"चादरी झाल्याबिगर कुठं जातोस. त्ये टोक धर."

त्यानं टोक धरलं. ओल्या चादरीचं वजन हातात आलं तसा तो दोन पावलं पुढं ओढला गेला. सारजाबाई आपलं टोक घट्ट धरून ताठ उभी राहिली.

"पीळ," ती म्हणाली. "माझ्याकडं बघू नगंस. पीळ."