शेपूची जुडी

पुण्याची मंडई मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एकोणसाठ वर्षांची पोरगी होते. पोरगीच म्हणायचं. जगातलं सगळं आपल्याला कळतं आणि जे कळत नाही ते विचारायची गरज नाही, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. आता सत्तरी ओलांडल्यावर ती बाई आठवली की तिचा कान धरून तिला भिंतीकडे तोंड करून उभं करावंसं वाटतं.

लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं माहेरी करतात, पण तिची कंपनी पुण्यात, फ्लॅट कोथरूडला, डॉक्टरीणबाई ठरलेल्या. मग मीच माहेर पिशव्यांत भरून अकोल्याहून निघाले. डिंक, अळीव, खारका, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. जावयाला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, मला मंडई दाखवायची बरं का. परत गेल्यावर शेजारणींपुढे मिरवायला काहीतरी हवं ना!

आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती. दवाखान्यात नर्सनं हळूच विचारलं, आईला दाखवायचं का? जावई माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, नको. एकदा पाहिलं की माया जडते, मग विसरणं जड जातं. जशी काही आठ महिने माझ्या लेकीनं माया गाठोड्यात बांधून ठेवली होती! फार शहाणी होते मी. स्वतः मात्र बाळाला घेतलं, डोळे भरून पाहिलं आणि जावयाच्या हातात दिलं.

घरी आल्यावर लेक छातीशी हाताची घडी घालून खिडकीपाशी बसून राहायची. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या कुर्त्यावर समोर ओलं दिसलं.

"पाणी सांडलं का गं?"

तिनं नुसती मान हलवली आणि ओढणी पुढे ओढून घेतली. मला त्या खोलीत उभं राहवेना.

"मी भाजी घेऊन येते," मी म्हटलं.

"आई, खालीच दुकान आहे," जावई म्हणाला.

"तिथली भाजी पाहिली मी. मंडईत जाते."

लेकीला टाकून पळाले, असं सरळ लिहिते. इतक्या वर्षांनी काय लाजायचं!

बसमधून उतरले आणि एका गृहस्थांना मंडई कुठे म्हणून विचारलं. "समोर आहे ती काय मग?" ते म्हणाले आणि चालते झाले. खरंच समोरच होती. काळ्या दगडाची जुनी इमारत, मधोमध उंच मनोरा. आत ओट्यांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक ओट्यावर भाजीच्या मधोमध विक्रेते असे उंच बसलेले की गिऱ्हाईकानं मान वर करूनच बोलावं. लाल भोपळ्याच्या फोडी, आल्याचे ढीग, कढीपत्त्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. एरवी मी हरखून गेले असते. त्या दिवशी नुसती चालत राहिले. एका रांगेतून दुसऱ्या, दुसऱ्यातून परत पहिल्या.

एका ओट्यासमोर थांबले. वर माझ्याच वयाची बाई बसली होती, मोठं कुंकू, डोळ्यांवर जाड चष्मा.

"सांभार कसा दिला?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.

"सांभार हॉटेलात मिळतो. इथे कोथिंबीर आहे. आजी, तिसरी चक्कर तुमची. घ्यायचंय का नुसतं मोजताय ओटे?"

आज दोन नातवंडं मला आजी म्हणतात. पण आयुष्यात पहिल्यांदा मला आजी म्हणाली ती ही बाई. मी हाताला लागेल ते उचललं. ती शेपूची जुडी होती. चाळीस वर्षं बाळंतिणींचं करून करून हाताला दुसरं काही सुचतच नाही. शेपूनं दूध येतं.

बाईचा चेहरा एकदम बदलला. "घरात बाळंतीण आहे वाटतं? मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"वा! कुणावर गेलीय?"

इथे मुकाट्यानं पुढे जायचं होतं. पण एकोणसाठ वर्षांची ती पोरगी बोलत सुटली. नाक आजोबांचं, अगदी बसकं. जावळ म्हणाल तर कानावर आलेलं. बोटं अशी लांब, की पुढे पेटी वाजवील. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते एवढंच की मी हसत होते. वर एक जुडी जास्तीची टाका म्हणून हुज्जतही घातली.

तिनं जुडी टाकली. "नातीसाठी म्हणून हो. दूध नीट उतरलं ना?"

आणि मला तो कुर्ता दिसला. ते पाणी नव्हतं. छातीशी आवळून धरलेले हात दिसले. चार घरच्या बाळंतिणींचं केलेली बाई मी, आणि माझ्याच लेकीला मी पाणी सांडलं का म्हणून विचारलं होतं.

"बाळ नाही राहिलं," मी म्हटलं.

बाईनं अरेरे केलं नाही. "किती दिवस झाले?"

"आज चौथा."

"आणि तुम्ही शेपू नेताय." टोमणाच होता, पण तो तिनं इतक्या हळू मारला की शेजारच्या ओट्यालाही ऐकू गेला नाही. वाकून तिनं माझ्या पिशवीतून दोन्ही जुड्या काढून घेतल्या आणि पाला न काढलेला एक कोबी आत ठेवला. "खायला नाही. मोठी पानं धुवून गार करा, शिरा जरा ठेचा आणि छातीला लावा. दूध पिळून काढू देऊ नका, आणखी येतं. डॉक्टरला विचारा, माझ्या एकटीच्या सांगण्यावर जाऊ नका."

"तुम्हाला कसं ठाऊक हे?"

"भाजी विकते ना मी," ती म्हणाली आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसली. "जा आता. मंडई कुठे पळून जात नाही."

रिक्षातूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पानं लावा, आणि संध्याकाळी दाखवायला आणा.

लेकीनं ओढणी बाजूला केली. छाती दगडासारखी झाली होती. आदल्या रात्रीपासून दुखत होतं म्हणे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

मी गार पान ठेवलं. ती शहारली, मग डोळे मिटून म्हणाली, "आई, मी काय कोशिंबीर आहे का गं?" आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली. मी दुसऱ्या बाजूलाही पान लावलं.

डोळे पुसून तिनं विचारलं, "तू घेतलंस ना तिला?"

"हो. तुला दाखवू नका म्हणाले तीही मीच."

"माहितेय. ऐकू येत होतं मला." ती थोडी सरकली, मला बसायला जागा केली. "सांग आता. कशी होती?"

मंडईत परक्या बाईपुढे घडाघडा बोलले होते, तेच शब्द आता एकेक करून काढावे लागले. नाकापासून सुरुवात केली. आजोबांचं, म्हटलं, अगदी बसकं. ती म्हणाली, अरे देवा. मग जावळ. जावळ कुठवर होतं ते तिच्याच कानावर बोट ठेवून दाखवलं. तोवर पानं गरम होऊन मऊ पडली होती. मी ती काढली, दुसरी लावली आणि बोटांपाशी आले.