तीन पेले आणि केळ्याचा वास

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये बॉयलरच्या कारखान्यात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात तो बऱ्हाणपूरला आला तेव्हा माझ्यासाठी तीन लहान बाटल्या घेऊन आला. तिन्ही एकाच डिस्टिलरीतल्या. तिन्ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच ठिकाणी, फक्त मोड आणलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की. एक लाकडी पिंपात तीन वर्षं राहिलेली, दुसरी पाच, तिसरी सात. पिंपं एकाच जातीची, दारूची तीव्रता सारखी. तिकडच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत तिला व्हिस्की म्हणता येत नाही. म्हणजे पहिल्या बाटलीला नाव नुकतंच मिळालं होतं.

भाच्याच्या मते या वयाची व्हिस्की कोणी मुद्दाम भेट म्हणून नेत नाही. लोक बारा वर्षांची मागतात, अठराची मागतात. पण मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. एकाच घटनेच्या तीन बातम्या शेजारी शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते शोधण्याची माझी खोड त्याला माहीत होती.

पहिल्या दिवशी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो, दुपारी चारला. भाचा म्हणाला की यासाठी तोंडाशी निमुळता होत गेलेला ग्लास लागतो. घरात चहाचे ग्लास होते. ते दोनदा धुतले तरी वेलचीचा वास जाईना, म्हणून तिसऱ्यांदा राखेने घासले. प्रत्येकात बोटभर ओतली आणि आधी नुसता वास घेतला.

तीन वर्षांच्या ग्लासाबद्दल मी वहीत लिहिलं: केळं. मग ते खोडलं. बऱ्हाणपूरच्या माणसाला केळ्याचा वास येणं याला पुरावा म्हणत नाहीत. इथे हंगामात बाजाराच्या रस्त्यावर, ट्रकमागे, पाहुण्यांच्या पिशवीत तोच वास असतो. नाकाला सवयीने जे आठवतं ते खरं धरायचं नाही, असं ठरवून मी पुन्हा वास घेतला. पुन्हा केळंच आलं. पूर्ण पिकलेलं, सालीवर तपकिरी ठिपके पडायला लागलेलं. त्याखाली भिजत घातलेल्या धान्याचा वास. जिभेला मात्र ती टोचली, आणि मागे कच्च्या केळ्याच्या सालीसारखा तुरटपणा राहिला.

पाच वर्षांच्या ग्लासात केळं होतं, पण शोधावं लागलं. वर गूळ होता आणि रंधा मारलेलं ओलं लाकूड. सातमध्ये ते जवळजवळ नव्हतंच. सुंठ, मध, जुन्या कपाटाचा खण. चार थेंब पाणी टाकल्यावर तिन्हींचे वास मोकळे झाले, पण क्रम बदलला नाही.

मी बिचकत भाच्याला केळ्याचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बरोबर आहे, मामा. जव आंबवताना यीस्ट तो वास तयार करतं. पिकत्या केळ्यातला आणि हा, रसायन एकच. लाकडात वर्षं गेली की तो दबतो."

माझा अंदाज नेमका उलटा होता. ओतण्याआधी मी गृहीत धरलं होतं की वय वाढेल तसा पिकलेपणा वाढेल. आमच्याकडे तसंच असतं. हिरव्या घडाला वास नसतो. दिवस जातात तसा वास येतो. खोडलेला शब्द मी पुन्हा लिहिला आणि वही बंद केली.

शाळेपासूनच्या मित्राची आठवण मला त्यानंतर दोन दिवसांनी आली.

निंबोल्याच्या रस्त्यावर त्याचे आणि त्याच्या धाकट्या भावाचे केळी पिकवण्याचे चेंबर आहेत. चार खोल्या, जाड दारं, आत थंडावा. कच्चा माल भरतात, एक दिवस पिकवणारा गॅस देतात आणि मग रोज सकाळी दार उघडून पाहतात. तापमान किती कमी करायचं आणि माल कधी बाहेर काढायचा हे माझा मित्र ठरवायचा. रंगावर तो फारसा विसंबत नसे. बल्बच्या उजेडात हिरवं पिवळं दिसतं, असं तो म्हणे. दारात उभा राहून एक श्वास घ्यायचा आणि दिवस सांगायचा: दुसरा, तिसरा, चौथा. खकनारकडचे शेतकरी आपला माल त्याच्याच चेंबरला लावायचा आग्रह धरत, तो या नाकामुळे.

दोन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला आणि त्यात वास गेला. डॉक्टर सोडले तर हे फक्त त्याच्या बायकोला आणि मला माहीत होतं. त्याने चेंबरचं काम सोडलं नाही. दारावर माल भरल्याच्या तारखेची पाटी असते. ती वाचायची, दारात उभं राहायचं, श्वास घेतल्यासारखं करायचं आणि दिवस सांगायचा. बहुतेक वेळा ते जमून जाई. भाचा येण्याआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी जमलं नाही. एक गाडी माल दिल्लीला पोचेपर्यंत काळा पडला. धाकट्या भावाने मोठ्या भावाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. हिवाळ्यात एक दिवस शांतपणे एवढंच सांगितलं की आता यंत्र बसवू या, सोमवारी जळगावहून माणूस येतोय, आणि त्यानंतर चेंबरची किल्ली माझ्याकडे राहील.

मित्राने हे मला सांगितलं तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट होती. गेल्या महिन्याभरात त्याला चेंबरच्या दारात काहीतरी जाणवू लागलं होतं. पण तो वास आहे की आठवण, हे त्याला कळत नव्हतं. पाटी वाचली की चौथ्या दिवसाचा वास कसा असतो ते डोक्यात येतंच. घरात कांदा, उदबत्ती, चहा, सगळ्याचं तसंच. डोळ्यांना जे दिसतं त्याला नाक होय म्हणतं. वास खरंच परत आला असेल तर किल्ली सोडायचं कारण नव्हतं. नसेल तर सोमवारच्या आत भावाला खरं सांगायला हवं होतं.

म्हणजे त्याला असा वास हवा होता, जो त्याला आठवण्याची शक्यताच नाही. माझा मित्र दारू पीत नाही. आयुष्यात कधी प्यालेला नाही.

रविवारी दुपारी मी बाटल्या पिशवीत घालून त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "भाऊजी, रिटायर झाल्यावर हा नवीन धंदा का?" मी म्हटलं, प्यायचं नाही, हुंगायचं आहे. त्यावर त्या म्हणाल्या की हुंगण्याचं पाप अर्धं असेल तर ते तुमच्या नावावर लिहा.

मी मित्राला एवढंच सांगितलं की तीन वयांच्या तीन दारू आहेत आणि त्याने सर्वांत लहान वयापासून सर्वांत मोठ्यापर्यंत क्रम लावायचा. कशाचा वास येतो याबद्दल मी काही बोललो नाही. भाच्याने काय सांगितलं तेही नाही. रंगावरून कळू नये म्हणून वहिनींनी स्टीलचे पेले काढले. दारूचं झोंबणं वास येत नसतानाही नाकाला कळतं, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तिन्हींत सारखं राहावं म्हणून प्रत्येक पेल्यात मापून तेवढंच पाणी घातलं. पेल्यांच्या बुडाला मी चिकटपट्टीचे तुकडे लावले, त्यांवर आकडे.

तो ओसरीत पाटावर बसला. प्रत्येक पेला नाकाशी धरून बराच वेळ थांबला, पुन्हा पहिल्याकडे गेला. साधारण दहा मिनिटं लागली. मग त्याने पेले ओळीत लावले. डावीकडे सर्वांत लहान, उजवीकडे सर्वांत मोठी.

मी बुडं पाहिली. सात, पाच, तीन.

मी आकडे वाचून दाखवले.  त्याने कोरडेच हात धोतराला पुसले आणि तो उठला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मीही पहिल्या क्षणी तेच समजलो, जे ते दोघं समजले होते. तीनपैकी बरोबर म्हणायला फक्त मधली जागा होती.

चूक होती, पण ती विस्कळीत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी त्याला परत बसवलं आणि विचारलं की शेवटचा पेला सर्वांत मोठ्या वयाचा कशावरून.

"कशावरून काय," तो वैतागून म्हणाला. "तो पिकलाय ना यार. चौथा दिवस. अजून एक दिवस ठेवला तर काळा पडेल. आणि हा पहिला, याला केळाचा वासच नाही. हा आज भरलाय."

केळं हा शब्द त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला, तो त्याच्या तोंडून.

मी वहिनींना बाहेर बोलावलं. पण माझ्याच वहीत जो शब्द मी खोडला होता, तोच इथे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य करणं बरोबर नव्हतं. तीन पेल्यांचे क्रम सहा होतात. एक क्रम नशिबानेही लागतो. म्हणून पुढच्या फेऱ्यांत पेले स्वयंपाकघरात वहिनींनी हलवले, आणि कुठला कुठे आहे ते मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या फेरीत सात, पाच, तीन. तिसऱ्या फेरीत त्याने मधल्या आणि पहिल्या पेल्यात बराच वेळ घालवला, पण शेवटचा लगेच बाजूला काढला. सात, पाच, तीन. चौथ्या फेरीत वहिनींनी एका पेल्यात नुसतं माठातलं पाणी ठेवलं. त्याने तो नाकाशी नेला आणि खाली ठेवून बायकोकडे पाहिलं. "परीक्षा घ्यायला लागली का तूही?"

मग मी त्याला सगळं सांगितलं: यीस्ट, लाकूड, वर्षांनी दबत जाणारा वास. तो तीन वर्षांचा पेला हातात घेऊन ऐकत होता. त्याला वास परत आल्यापेक्षा याचंच जास्त नवल वाटलं असावं. त्याने दोनदा विचारलं की तिकडे केळी होतात का. नाही म्हटल्यावर म्हणाला, "अजब माल आहे. आधी पिकतो आणि मग कच्चा होत जातो."

सोमवारी सकाळी मी चेंबरवर गेलो. जळगावचा माणूस यायचा होता. मित्राने भावाला ऑफिसच्या खोलीत नेलं आणि दोन वर्षांचं सगळं सांगितलं. दार उघडंच होतं. भाऊ ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने, "दादा, गाडी परत आली त्या दिवशी तरी सांगायचं होतं," एवढं म्हटलं.  बाहेर येऊन मित्राने भावाला दारांवरच्या पाट्या काढायला सांगितल्या आणि स्वतः डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं. चारपैकी तीन खोल्यांत माल होता. भावाने त्याचा हात धरून त्याला आपल्या मनाने, उलटसुलट क्रमाने नेलं.

पहिल्या दारात तो म्हणाला, तिसरा दिवस. भावाने हातातली पाटी पाहिली. तिसराच होता. दुसऱ्या दारात म्हणाला, गॅस अजून चालू आहे, काल भरलंय. तेही बरोबर. तिसऱ्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. थंड हवा बाहेर येत होती. दोनदा त्याने मान वळवून कोरड्या हवेत श्वास घेतला आणि पुन्हा आत तोंड केलं.

"याचं मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

मी धाकट्या भावाकडे पाहत होतो. दोन दारांच्या बरोबर उत्तरांनी त्याच्या चेहऱ्यावर फरक पडला नव्हता. आता पडला. दोन वर्षांत मोठ्या भावाने एकाही दारात हे वाक्य उच्चारलं नव्हतं. प्रत्येक दारात काही ना काही दिवस सांगितला होता. धाकट्याने भावाच्या डोळ्यांवरच्या उपरण्याची गाठ सोडली आणि ते त्याच्या खांद्यावर टाकलं.

जळगावचा माणूस अकराच्या सुमारास आला. यंत्र बसलं. ते तापमान आणि गॅस दाखवतं, आणि भाऊ ते रोज वहीत उतरवतो. किल्ली मित्राकडेच आहे. ज्या दारात त्याला सांगता येत नाही तिथे तो तसं म्हणतो, आणि मग दोघं यंत्र पाहतात.

तीन वर्षांची बाटली वहिनींनी ठेवून घेतली. ती मसाल्यांच्या कपाटात, हिंगापासून लांब ठेवलेली आहे. दर रविवारी मित्र झाकण उघडून एकदा वास घेतो आणि पुन्हा लावतो. पाच आणि सात माझ्याकडे होत्या, त्या संपल्या.