जागं होण्याआधीचा शब्द

पडदा वर जातो. एक लांबट खोली, रक्त तपासायचं यंत्र आणि त्याला जोडलेला जुना संगणक. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ उमटवून तो तोंड मिटून बसलाय. बाहेरच्या बाकावर माणसं दंडावर कापूस दाबून ताटकळलेली. मधोमध दादा, फोन कानाला.

"कुलूपबाई, तुझ्या कुलपानं माझी प्रयोगशाळा बंद पाडली!"

पलीकडे त्याची धाकटी बहीण. ऑफिसातलं हे नाव तिला घरीही चिकटलेलं. संगणकात सगळ्यांत आधी जागा होतो तो कर्नल नावाचा प्रोग्राम. त्यात पहारे बसवणं हे तिचं काम. एका प्रोग्रामनं दुसऱ्याच्या माहितीत डोकावू नये, म्हणून नव्या आवृत्तीत तिनं प्रोसेसरमधली एक सोय कामाला लावली होती. दादाचा जुना प्रोसेसर "मला येते ही सोय" असं छातीठोक सांगायचा आणि ऐन वेळी गळपटायचा. प्रत्येक नाटक मंडळीत असा एक असतोच.

उपाय सोपा होता. संगणक सुरू होताना कर्नल सूचनांची एक ओळ वाचतो, तिच्यात एक शब्द लिहायचा. तो दिसला की कर्नलनं त्या सोयीच्या वाटेला जायचं नाही. पण प्रत्येक बदल आजोबांच्या चष्म्याखालून जायचा. हे आजोबा म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत ज्येष्ठ, नात्यानं कुणाचेच नसलेले.

"बंद करायची कळ दिलीस की लोक पहारा सरसकट बंद करतील," ते म्हणाले.

"दादा शहाणा आहे माझा. एकाच यंत्राला लावेल."

"जगात सगळे तुझेच दादा आहेत का?"

तिच्या डोळ्यांपुढे दादाच्या दारातला तो ताटकळलेला बाक होता. तिनं बदल दादाकडे पाठवला. संगणक पुन्हा मुका.

"शब्द नीट लिहिलास?"

"अक्षर न् अक्षर!"

तिनं आपलं लिखाण परत वाचलं आणि चूक तिचीच निघाली. कर्नल आधी ती सोय चालू करत होता, शब्द मग वाचत होता. नट रंगमंचावर गेल्यावर विंगेतून सांगावं, "आज तू येऊ नकोस," तसली गत. शब्द आधी वाचला जाईल असं तिनं केलं.

"मंजुरी माझी, पाप तुझं," आजोबा पुटपुटले.

दादाचा संगणक उठला. बाक रिकामा झाला. तिच्या मनातला आजोबांच्या प्रश्नाचा काटा मात्र निघेना. संध्याकाळी तिनंच फोन लावला.

"झकास चाललंय!" दादा खुशीत होता. "पुन्हा कटकट नको म्हणून तोच शब्द सगळ्या संगणकांवर टाकला. सगळ्यांचे रिपोर्ट असतात ना, त्या मोठ्यावरसुद्धा. पळतोय कसा बघ!"

तो मोठा नवाकोरा होता, धडधाकट; त्याच्यावर तिचा पहारा नीट चालत होता. अवघ्या वस्तीची दुखणी त्याच्या पोटात. तिनं खुर्चीवरची पिशवी उचलली.

"दादा, एका दाराची कडी अडकली होती रे. तू घरभरच्या कड्या काढून ठेवल्यास. कशाला हात लावू नकोस. मी येते."