सोन्याच्या खुंट्याशी चार्जर

मंडळी, आज सकाळी आमच्या कळसच्या घरी वायरमन आला होता. सूनबाई रोज बारामतीच्या शाळेत शिकवायला जाते. तिनं विजेवरची गाडी घेतलीय, तिला चार्जर बसवायचा होता.

तिला मोठा, झटपट भरणारा हवा होता. म्हणाली, "विहिरीवर थ्री फेज आहेच की, तिथनंच घेऊ."

वायरमन हसला. "वहिनी, ती शेतीची लाईन. गाडीला चालत न्हाय. आन् ती येती कधी, जाती कधी! शाळा काय तिच्या टायमानं भरवणार हाय का? घरच्या लाईनीवर छोटा बसवा. सावकाश भरंल, पण सकाळपत्तुर भरंल. आबा, तुमी सांगा."

मी रिकाम्या गोठ्यात उभा होतो; गाडी आता इथंच लागणार होती. लहानपणी इथल्या खुंट्याला आमचा सोन्या बैल बांधलेला असायचा. मी त्याच्यापुढं शाळेतल्या कविता पाठ करायचो आणि तो डोळे मिटून रवंथ करायचा. वडील म्हणायचे, राबून आलेल्याला खाताना घाई करू नये.

"छोटाच बसवा," मी म्हणालो.

वायरमननं पहार उचलली. "हा खुंटा काढतो. गाडीला लागंल."

मी खुंट्यावर हात ठेवला. सूनबाईच म्हणाली, "राहू दे. वायर गुंडाळायला होईल."

संध्याकाळी गाडी खुंट्याशी लागली. मी हळूच एक जुनी कविता म्हणू लागलो. दुसरं कडवं आठवेना. ते सूनबाईनं ओट्यावरनं म्हटलं.

तुमच्या गोठ्यात हल्ली काय उभं असतं?