रिकामा डबा

कुंदाकाकूंना पिस्कॅटवेतली निम्मी मराठी मंडळी घाबरतात; मीसुद्धा. आश्रय मागायला आलेल्या होंडुरासच्या योलांडाला त्यांनी आपलं बेसमेंट राहायला दिलं. वर्क परमिट येईपर्यंत तिला नोकरी करता येत नव्हती, म्हणून काकू रोज तिला डबा भरून द्यायच्या. ती तो लख्ख घासून परत करायची.

एकदा काकू इंग्रजीत तिच्यावर डाफरल्या, “आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत! चिमूटभर साखर तरी घालावी.”

मला रागच आला. तिच्याकडे स्वतःचं होतं काय घालायला?

दुसऱ्या दिवशी डब्यात साखरेच्या दोन पुड्या होत्या, वकिलाच्या ऑफिसात कॉफीबरोबर मिळालेल्या.

डायबेटिसमुळे बारा वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या काकूंनी दोन्ही पुड्या आपल्या कपात ओतल्या. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, “तू गप्प बस.”